मेन कून जातीच्या मांजराच्या नावाखाली ३२,००० रुपये उकळले

बुकिंगचे १०,०००, गाडीत चढवण्याआधी १८,५००, पिंजरा आणि बसभाडं ३,५००. एवढे पैसे घेऊन 'शुद्ध मेन कून' म्हणून पाठवलं काय, तर चपट्या नाकाचं पर्शियन क्रॉस, म्हणजे मिश्र जातीचं पिल्लू. पहाटे चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर खाजगी बसमधून उतरवून घेतलं तेव्हाच कळलं. मेन कूनचं तोंड पुढे आलेलं, चौकोनी असतं, कान मोठे. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, ही जात हळू वाढते, तीन-चार वर्षं लागतात." हळू वाढते हे खरं आहे, म्हणूनच लोक गप्प बसतात. नाक मात्र वाढून लांब होत नाही.

लसीच्या कार्डावर सगळं दिसत होतं. जन्म १२ जून, पहिली लस २० जून! सहा-आठ आठवड्यांआधी लस देतच नाहीत. शिक्का पुसट, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही, लसीच्या बाटलीचं स्टिकर नाही. पैसे पूर्ण देण्याआधी हे कार्ड माझ्या मोबाईलवर आलेलं होतं. आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. पण व्हिडिओ कॉलवर आई म्हणून झुबकेदार शेपटीचं भलंमोठं मांजर दाखवलं होतं. एवढं बघितल्यावर कोण संशय घेईल? कार्डावरच्या डॉक्टरांना आधी फोन लावा, मगच पैसे.

आठवड्यात कानामागे केस गळून गोल चट्टे पडले. नायटा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत लांब केस वाळत नाहीत, तो पसरत गेला, लेकीच्या दंडावरही उठला. औषधपाण्याचे ४,२६० वेगळे. पिल्लाचा काय दोष, ते आमच्याकडेच राहील. घेताना केस बाजूला करून कातडी बघाच. खरं मेन कून असेल तर आईबापाच्या हृदयाचा एको रिपोर्टही मागा, ह्या जातीत हृदयाचा आजार आनुवंशिक असतो.

पोलिस "मांजरासाठी तक्रार?" म्हणून हसले. विक्रेता पुण्याचा, तिकडे जा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो म्हटलं, तर साहेब नाहीत. सायबरवाले म्हणतात, पैसे तुम्हीच पाठवलेत. खोटं सांगून घेतलेले पैसे ही फसवणूक नाही तर काय? पशुसंवर्धनवाले म्हणतात, आम्ही गुरं बघतो. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती त्याच्याकडे आहे का, एवढंही कोणी विचारलं नाही. तुम्ही मात्र नोंदणी क्रमांक आधी मागा, आणि पैसे गेले तर त्याच तासाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

त्याचा यूपीआय आयडी, चॅट, बनावट कार्ड सगळं मी लेखी अर्जासोबत जोडलंय. तो माणूस नव्या नंबरवरून अजून पिल्लं विकतोय.