आठवीनंतर जवळचे विद्यालय की तालुक्याची शाळा?

शिक्षण हक्क कायद्यानुसार महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. त्याच कायद्यानुसार खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांवरही शाळेपासून १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांचा विचार आधी होतो. मात्र हे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीसाठी दूरची शाळाही दाखला पाहून प्रवेश देऊ शकते, त्यामुळे गावातल्या मुलीसाठी शाळा निवडताना अंतराचा हिशेब पालकांनाच करावा लागतो.

तीन-चार किलोमीटरवरच्या विद्यालयाची मोठी सोय म्हणजे एस.टी.वर अवलंबून राहावे लागत नाही. राज्य सरकारच्या मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमातील तालुक्यांत शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. अशा शाळेत गणित आणि विज्ञानाचे पद भरलेले आहे का, एवढे मात्र प्रवेशापूर्वी मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारावे.

तालुक्याच्या शाळेत विषयशिक्षक, प्रयोगशाळा आणि शिकवण्या मिळण्याची शक्यता अधिक, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत असल्याने भाड्याचा प्रश्नही उरत नाही. तरीही पास मोफत असला म्हणून गाडी वेळेवर येतेच असे नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. दहावीचे जादा तास शाळा सुटल्यावर होतात. परतीची शेवटची गाडी त्याआधी निघत असेल, तर ज्या अध्यापनासाठी एवढे अंतर पत्करले तेच हातचे जाते. शिवाय गाडी गावात न येता फाट्यावरच थांबत असेल, तर पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या लवकरच्या अंधारात मुलीने तेथून घरापर्यंत कसे यायचे, हा प्रश्न गुणांच्या टक्केवारीइतकाच गंभीर आहे. पुष्कळ मुलींची शाळा याच वाटेवर सुटते, याचे मनापासून दुःख वाटते.

आईवडील ऊसतोडीला जाणार असतील, तर या दोन्हींपेक्षा वसतिगृह बरे, कारण तेव्हा प्रश्न अंतराचा नसून घरी मोठे माणूस असण्याचा असतो.

इतरांनी, जवळच्या शाळेत गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांचे शिक्षक असतील, तर तिलाच पसंती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते नसतील तर तालुक्याची शाळा घ्यावी, पण दाखला काढण्यापूर्वी आगारात जाऊन शेवटच्या गाडीची वेळ विचारावी आणि जादा तास तिच्याआधी संपतील का, हे शाळेकडून कळून घ्यावे.