गल्लीतल्या चेंबरपर्यंतची लाइन: डागडुजी, अस्तर की नवा पाइप?

बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळात किंवा निपाणीच्या जुन्या पेठेत ज्यांची घरे तीस-चाळीस वर्षांपूर्वीची आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्न बहुधा आर्द्राच्या पावसात उभा राहतो. न्हाणीचे पाणी ओसरत नाही, संडासात बादली ओतली की मोरीतून बुडबुडे येतात, आणि दोनदा काठी मारून गेलेला प्लंबर तिसऱ्या खेपेला सांगतो की आता सांडपाण्याची सगळी लाइन उकरून नवी टाकावी लागेल. दुसऱ्याला बोलावले, तर तो एवढा एक सांधा काढून बसवतो म्हणतो. तिसरा, ज्याची यंत्रे हुबळी किंवा पुण्याकडून यायची असतात, तो न खोदता आतून अस्तर घालण्याची भाषा करतो. तिघेही प्रामाणिक असू शकतात, परंतु प्रत्येक जण आपल्या हाती जे हत्यार आहे त्याचाच उपाय सांगत असतो. माझ्या मते हा निर्णय पाइपाच्या वयावर सोडू नये. पाइपाचा उतार शाबूत आहे का आणि तो कोणत्या मातीत पुरला आहे, या दोन गोष्टी कळल्या की तिघांपैकी कोणाचे ऐकावे हे बरेचसे उलगडते.

आपल्या भागात मातीचा मुद्दा विशेष गंभीर आहे. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या ज्या शिवारात बासमती पिकतो ती माती काळी आणि चिकट, तर दक्षिण-नैऋत्येला जांबोटी-खानापूरकडे जावे तसा तांबडा मुरूम आणि जांभा लागतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे तिच्यातला पाइप दरवर्षी थोडा उचलला जातो आणि थोडा खाली बसतो. जुन्या घरांत हा पाइप बहुतेक वेळा स्टोनवेअरचा, म्हणजे चकचकीत लेपाच्या भाजलेल्या मातीचा असतो. त्याचे तुकडे साधारण दोन-दोन फुटांचे असल्याने चाळीस फुटांच्या लाइनीत वीस तुकडे आणि एकोणीस सांधे येतात, आणि हे सांधे काथ्या व सिमेंट भरून केलेले असल्याने त्यांना जराही लवचीकपणा नसतो. पाइप स्वतः कुजत नाही आणि गंजतही नाही. तुटतो तो सांधा. त्या फटीतून ओल बाहेर झिरपते, ओलीच्या वासावर नारळाच्या, उंबराच्या, पिंपळाच्या मुळ्या आत शिरतात, आणि मग त्या मुळ्यांना अडकून जे तुंबते त्यालाच आपण ‘पाइप खराब झाला’ म्हणतो. तोच पाइप घट्ट मुरमात असेल, तर पन्नास वर्षांनंतरही त्याला हात लावण्याची गरज नसते.

निर्णयापूर्वी पाहणी करावी लागते, आणि तिची पहिली पायरी जवळपास फुकट आहे. वडगावातल्या आमच्या घरी आम्ही ती दाढीच्या आरशाने केली. परसात संडासाजवळ एक चेंबर, घराच्या मागच्या भिंतीलगत दुसरे आणि पुढे ओट्याशी तिसरे, अशी लाइनीची मांडणी होती. पहिल्या दोन चेंबरांत सोळा फुटांचे अंतर, आणि पुढचे चाळीस फूट थेट स्वयंपाकघर व माजघराखालून. लाइन धुऊन घेतल्यावर भावाने एका चेंबरात पाइपाच्या तोंडाशी बॅटरी धरली आणि मी दुसऱ्या चेंबरात काठीला बांधलेला आरसा तिरका करून पाहिले. पाइप सरळ आणि मोकळा असेल, तर आरशात पौर्णिमेच्या चंद्रासारखे पूर्ण वर्तुळ दिसते. परसातल्या टप्प्यात आम्हाला अष्टमीचा चंद्र दिसला, आणि त्याच्या मधोमध मुळ्यांच्या जटा लोंबत होत्या. माजघराखालच्या टप्प्यात चंद्र जवळजवळ पुरा होता. खालच्या बाजूने नखाएवढा कापलेला. एका आरशाने एवढे सांगितले की भांडण परसात आहे, घराखाली नाही.

आरशाची मर्यादा अशी की वळणापलीकडचे तो दाखवत नाही आणि पाइप फुटका आहे की नाही हेही सांगत नाही. त्यासाठी कॅमेरा लागतो. पण कॅमेऱ्याचे पैसे वाया कसे जातात हे मी जवळून पाहिले आहे: एका नातलगाकडे आलेल्या माणसाने लाइन न धुताच कॅमेरा आत सोडला आणि दहा मिनिटे तांबूस पाण्याचे चित्रण दाखवून पैसे घेऊन गेला. लाइन आधी धुतलेली असावी, कॅमेरा किती फुटांवर आहे हे पडद्यावर उमटत असावे, कॅमेऱ्याच्या डोक्यातला संकेत वरून यंत्राने पकडून दोषाची जागा फरशीवर खडूने आखून द्यावी, आणि चित्रणाची प्रत आपल्याकडे राहावी, या अटी आधीच ठरवून घ्याव्यात. कॅमेरा आत असतानाच वरून एक बादली पाणी सोडायला सांगावे. पाणी वाहून गेल्यावरही जिथे डबके उरते, तिथे पाइप बसलेला आहे. हे डबके कॅमेऱ्याने दिलेली सर्वांत मोलाची माहिती असते, कारण पुढचे सगळे पर्याय त्याच्यावरून ठरतात.

परसात पिण्याच्या पाण्याची विहीर असेल, तर आरसा आणि कॅमेरा यांच्याबरोबर पाण्याची चाचणीही करावी. खालच्या चेंबरात पाइपाचे तोंड गच्च बंद करायचे, वरच्या चेंबरात पाणी भरून खडूने खूण करायची, मातीचा पाइप आणि त्याचे सांधे थोडे पाणी शोषून घेतात म्हणून काही वेळाने पुन्हा खुणेपर्यंत भरायचे आणि अर्ध्या तासाने पाहायचे. पातळी उतरतच राहिली, तर घाण कुठे जाते आहे हे सांगायला कोणी नको. विहिरीचे पाणी कोलिफॉर्म जंतूंसाठी प्रयोगशाळेत तपासून घेणे हे त्यानंतरचे काम.

आता पर्यायांकडे वळू. काठी मारणे किंवा जेटिंग, म्हणजे जोराच्या पाण्याचा मारा, ही सफाई आहे, दुरुस्ती नव्हे. तरीही आरशात चंद्र पूर्ण दिसत असेल आणि आत केवळ खरकट्याचा तुपकट थर किंवा भांडी घासायची राख-वाळू साचली असेल, तर एवढ्यावर थांबण्यात काहीच कमीपणा नाही. फुटक्या सांध्यावर मात्र वारंवार जोराचे जेटिंग करू नये, कारण पाण्याच्या माऱ्याने भोवतालची माती पाइपात ओढली जाते आणि वर फरशीखाली पोकळी होते. सफाईसाठी चेंबरात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे हा पर्यायच नाही. हाताने मैलासफाईला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांविना ते करवून घेणे गुन्हा ठरवले आहे, तो कायदा खासगी घरमालकालाही लागू होतो, आणि आतल्या विषारी वायूने माणूस हाक मारण्याआधीच खाली पडतो. कोणी ‘पटकन उतरतो, वेळ लागत नाही’ म्हणाला, तर त्याला वरच्या वर परत पाठवावे.

एकच जागा उकरून तेवढा तुकडा बदलणे हा पर्याय स्वस्त असल्याने सर्वांना आवडतो. मुरमाड जमिनीत, दोष एकाच ठिकाणी असताना आणि बाकीचा उतार नीट असताना तो टिकतोही. काळ्या मातीत तो फसतो, कारण मधला तुकडा नवा आणि घट्ट झाला की पुढच्या पावसाळ्यात ताण शेजारच्या सांध्यावर येतो आणि तो उघडतो. तीन वर्षांत तीन खड्डे, अशी घरे वडगावात शोधावी लागत नाहीत. शिवाय मातीच्या पाइपाला पीव्हीसीचा तुकडा जोडताना दोघांची बाहेरची मापे जुळत नाहीत. गवंडी त्या फटीत पोत्याची चिंधी आणि सिमेंट ठासून मोकळा होतो. तिथे स्टीलच्या पट्ट्यांनी आवळायचा रबरी जोड लागतो. तो कोपऱ्यावरच्या दुकानात न मिळाल्यास मागवून घ्यावा आणि तोवर खड्डा उघडा ठेवावा लागला तरी चालेल.

आतून अस्तर घालण्याची पद्धत 1971 साली लंडनमध्ये प्रथम वापरली गेली. राळेत भिजवलेली कापडी नळी जुन्या पाइपात सरकवतात, हवा किंवा पाणी भरून ती भिंतीला दाबतात आणि गरम करून कडक करतात, म्हणजे जुन्या पाइपात सांधा नसलेला नवा पाइप तयार होतो. आतला व्यास काही मिलिमीटरने घटतो, परंतु पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने वाहण्यात फारसा फरक पडत नाही. सांध्यांची गळती आणि मुळ्या यांवर हा उत्तम उपाय आहे. मात्र अस्तर जुन्या पाइपाचाच आकार घेते. पाइप बसलेला असेल, तर अस्तरही बसकेच होते आणि डबके तिथेच राहते. मग हा पर्याय कोणासाठी? गल्लीतल्या लांबट घरांसाठी, जिथे संडास परसात, रस्ता पुढे आणि लाइन देवघर-माजघराखालून जाते, दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामायिक असतात आणि खोदायचे म्हटले तर घर रिकामे करावे लागते. यंत्रसामग्री बाहेरून येत असल्याने एका घरासाठी ती परवडत नाही. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून बोलावली, तर हिशेब बदलतो. जुना पाइप आतून फोडत त्याच वाटेने नवा ओढून नेण्याचीही एक पद्धत आहे, परंतु उथळ लाइनीवरची फरशी तिने उचलली जाते आणि शेजारून जाणारी नळाची पाइपलाइन दुखावते. गल्लीतल्या घरासाठी मी तिचा विचार करणार नाही.

सगळी लाइन नवीन टाकणे हाच उतार सुधारण्याचा एकमेव मार्ग आहे, म्हणून काळ्या मातीत, लाइन जागोजागी बसलेली असताना, खर्च कितीही वाटला तरी तोच करावा. पण नव्या पाइपाबद्दल लोकांचे दोन गैरसमज असतात. पहिला, मोठा पाइप म्हणजे चांगला पाइप. एका कुटुंबाचे पाणी सहा इंची पाइपात इतके पातळ पसरते की मैला मागेच राहतो. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार मिळत असेल, तर तोच पुरेसा आहे. दुसरा, पीव्हीसी म्हणजे पीव्हीसी. दुकानात मिळणारा करडा एसडब्ल्यूआर (सॉइल, वेस्ट, रेन, म्हणजे मैला, सांडपाणी आणि पाऊस) पाइप भिंतीवरून उतरवण्यासाठी असतो, त्यातही ‘ए’ प्रकार पावसाच्या पाण्यासाठी व हवेसाठी आणि ‘बी’ प्रकार मैल्यासाठी. जमिनीत पुरण्यासाठी विटकरी रंगाचा, आयएस (भारतीय मानक) 15328 चा शिक्का असलेला पाइप मागावा. काळ्या मातीत सोल्युशनने चिकटवलेल्या सांध्यापेक्षा रबरी रिंगचा सांधा बरा, कारण माती हलली की तो थोडा सरकतो, फुटत नाही.

पाइपापेक्षा खंदकाकडे जास्त लक्ष द्यावे. काळी माती जास्तीची काढून टाकून खाली वाळूचा सहा इंचांचा थर घालावा, भोवतीही वाळू किंवा बारीक मुरूम भरावा आणि निघालेली काळी माती परत त्यात ढकलू देऊ नये. पाइप जिथे घराच्या पायातून बाहेर पडतो तिथे तो सिमेंटने जखडू नये. घराखालची माती फारशी भिजत-वाळत नाही, उघड्या परसातली दरवर्षी हलते, आणि या दोहोंच्या सीमेवरच पाइप मोडतो. हे काम दिवाळीनंतर काढावे. पावसात काळ्या मातीचा खंदक उभा राहत नाही.

खोदण्यापूर्वी गल्लीतल्या चेंबरची खोली मोजायला विसरू नये. रस्त्यावर काँक्रीटचे थर चढत जाऊन कित्येक घरे खाली गेली आहेत. गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोन्ही टोकांची पातळी काढली, की खरोखर किती उतार मिळणार हे कळते. तो पुरत नसेल, तर नव्या पाइपानेही पाणी तुंबणार, आणि गल्लीची लाइन भरली की उलटे घरात येणार. बळ्ळारी नाल्याच्या बाजूच्या सखल वस्तीत तर शेवटच्या चेंबरात उलटे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवणे गरजेचे आहे. गच्चीचे किंवा कौलांचे पाणी याच लाइनीत सोडलेले असेल, तर आधी ते वेगळे करावे. पावसाळ्यातच तुंबणाऱ्या कित्येक घरांचे दुखणे तेवढ्यानेच संपते. रस्ता फोडण्याची परवानगी आणि यूजीडीची, म्हणजे रस्त्याखालच्या भूमिगत गटाराची, जोडणी नगरपालिका किंवा महापालिकेकडून घ्यावी लागते. अर्ज बहुधा कन्नडमध्ये असतो, तेव्हा जोडणीची जागा आणि पाइपाचे माप त्यात नेमके काय लिहिले आहे हे वाचणाऱ्याकडून समजून घेऊनच सही करावी.

आमच्या घरी आम्ही परसातले सोळा फूटच बदलले. पाच इंच उतार दिला, खंदक नारळापासून दोन फूट दूर नेला, आणि वाळू टाकण्यापूर्वी पाइपात पाणी भरून खडूची खूण पाहिली. माजघराखालचे चाळीस फूट तसेच ठेवले आहेत. गेल्या आर्द्रात पुन्हा आरसा धरला, तेव्हा परसातला चंद्र पुरा होता. माजघराखालचा अजून नखाएवढाच कापलेला आहे. तो आणखी कापला गेला, तर अस्तर उपयोगाचे नाही हे आम्हाला माहीत आहे, म्हणून शेजारच्या बोळातून नवी लाइन नेता येईल का याची पातळी गवंड्याने काढून ठेवली आहे.