दवाखान्यासाठी मोबाइल की कॅमेरा?

पुण्यात कोथरूड असो, औंध असो की सिंहगड रोड, दातांचा किंवा त्वचेचा नवा दवाखाना टाकणारा प्रत्येक जण हे विचारतोच: खिशात चांगला मोबाइल असताना मॅक्रो लेन्सचा (अगदी जवळचं टिपणाऱ्या लेन्सचा) कॅमेरा कशाला? मी दातांच्या दवाखान्यात दोन्ही वापरतो. माझ्या मते मेगापिक्सेलची चर्चा बाजूला ठेवावी. आजचा आणि सहा महिन्यांनंतरचा फोटो शेजारी ठेवला, तर फरक पेशंटमधला दिसायला हवा, उजेडातला किंवा अंतरातला नको. खरेदी या एका कसोटीवर करावी.

मोबाइलची मुख्य लेन्स साधारण 24 ते 26 मिमीच्या तोडीची, म्हणजे रुंद. दातांनी फ्रेम भरायची तर मोबाइल तोंडाला भिडवावा लागतो. मग समोरचे दात फुगलेले दिसतात आणि दाढा लांब गेल्यासारख्या. चेहरा टिपला तर नाक वाढतं. बरेच मोबाइल जवळ नेले की आपणहून अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतात, तेव्हा तर विचारूच नका. ते आपोआप मॅक्रो बंद करा, टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स असेल तर तिच्यावर जा आणि जरा मागे सरका. निम्मा त्रास तिथेच संपतो. दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. ब्यूटी मोड त्वचा गुळगुळीत करतो, रंग खुलवतो. वाढदिवसाला हे छान. पण त्वचेच्या डॉक्टरला जो लालसरपणा मोजायचा आहे, नेमका तोच पुसला जातो.

कॅमेऱ्याकडे क्रॉप सेन्सरची (लहान सेन्सरची) बॉडी, 60 मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स आणि लेन्सभोवती बसणारा रिंग फ्लॅश एवढं पुरतं. फुल फ्रेम, म्हणजे मोठा सेन्सर असेल तर 100 मिमी मॅक्रो. सगळं मॅन्युअलवर: एफ/22 (लेन्सचं छिद्र अगदी बारीक), शटर 1/125 सेकंद, आयएसओ 200, आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) फ्लॅशवर पक्का. छिद्र इतकं बारीक असलं की खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड फोटोत जवळजवळ पोचतच नाही, फ्लॅशचाच काय तो पोचतो. बाहेर जुलैचं काळं आभाळ असो की एप्रिलचं ऊन, फोटो तोच. माझ्या लेखी कॅमेऱ्याचा सगळा पैसा इथेच वसूल होतो. रिंग फ्लॅश समोरच्या दातांवर चकाकी आणतो हे खरं. दाताची शेड, म्हणजे रंगछटा, जुळवायचं काम रोजचं असेल तर दोन बाजूंचा ट्विन फ्लॅश बरा.

आता गैरसोय. वरच्या जबड्याचा फोटो काढताना असिस्टंट रिट्रॅक्टरने ओठ ताणून धरते, तोंडात धरायचा आरसा आधी कोमट पाण्यात बुडवते (नाहीतर वाफ धरलीच), मी म्हणतो, "काका, आता फक्त नाकाने श्वास घ्या," आणि माझे दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले. असिस्टंट नसेल तर हे जमत नाही. एकट्याने चालवायच्या दवाखान्यात मोबाइलच बरा, सोबत तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून एखादा एलईडी लाइट आणला की झालं.

जनरल प्रॅक्टिस असेल, जखम भरतेय का एवढंच बघायचं असेल, तर कॅमेऱ्याचा विचारही करू नका. जखमेशेजारी पट्टी ठेवायची, खिडकीचा उजेड घ्यायचा, अंतर दर वेळी तेवढंच. आजींच्या पायाची जखम घरून पाठवणाऱ्या नातेवाइकांनाही हेच सांगावं, आणि फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं, म्हणजे तो दाबून लहान केला जात नाही. अशा फोटोवरून सल्ला दिलात तर तो फोटो नोंदीत जपून ठेवावा, असं 2020 ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

खाजगीपणात मात्र मोबाइल हरतो. पेशंटची हिरडी आणि लेकीचं गॅदरिंग एकाच गॅलरीत, त्यात सगळं आपोआप क्लाउडवर. मोबाइलच घ्यायचा तर दवाखान्याचा वेगळा घ्या आणि बॅकअप कुठे जातो ते बघा. लेखी संमती दोन्हीकडे हवी, 18 वर्षांखालच्या पेशंटसाठी पालकांची.

माझा कौल: ऑर्थो (वाकडे दात सरळ करायचं काम), कॉस्मेटिक किंवा त्वचा असेल तर सेकंडहँड कॅमेरा, बाकीच्यांना मोबाइल. जुनी बॉडी चालते, लेन्स मात्र पारखून घ्या. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी लागते. दुकानातच मागून टॉर्च मारून काचेतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर घासाघीस न करता परत द्या.