मिंट एरर (टाकसाळीत नाणं पाडताना झालेल्या चुका) बघायला घेतलेलं १० पट भिंग, सहा महिने वापरून
नाणी जमवत असाल तर हे घ्याच, कारण डबल दिसणारं प्रत्येक अक्षर डबल डाय (म्हणजे नाण्याच्या साच्यावरच दोनदा उमटलेलं) नसतं आणि नुसत्या डोळ्याला तो फरक कळतच नाही. खऱ्या डबल डायमध्ये दुसरं अक्षरही उठावदार, गोलसर असतं आणि टोकाशी बारीकशी खाच दिसते, मशीन डबलिंगमध्ये, म्हणजे ठसा मारताना साचा सरकला तर, मात्र अक्षराच्या कडेला सपाट पायरी पडते, जणू कोणी अक्षर दाबून सरकवलंय, आणि त्याला जादा भाव मिळत नाही. या भिंगातून ती पायरी इतकी स्वच्छ दिसली की जपून ठेवलेली दोन नाणी मी त्याच दिवशी बाजूला काढली, वाईट वाटलं खरं. (१९५५ चा डबल डायवाला अमेरिकन सेंट भिंगाशिवायही ओळखू येतो, पण तसं नाणं रोज कुठे मिळतं!) कड कापलेलं नाणं असेल तर कापाच्या बरोबर समोरची कड बघा, ती पुसट असेल तर काप टाकसाळीतलाच असण्याची शक्यता जास्त. काच एक नंबर. एलईडी मात्र बेकार, चकाकीत बारकावे मरतात, मी तो बंदच ठेवतो आणि टेबललॅम्प तिरका करून नाणं हळूहळू फिरवत बघतो.