टेड-एड: पाच मिनिटांचे व्हिडिओ आणि पॉजचं बटण

टेड-एड हा टेड या संस्थेचा शैक्षणिक व्हिडिओंचा उपक्रम 2012 पासून चालू आहे. पाचेक मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनमध्ये त्यांचा हात धरणारे फार नाहीत. पण चित्रं देखणी आहेत म्हणून गुण द्यायचे नसतात. बघणाऱ्याने उत्तर ऐकण्याआधी स्वतःचा अंदाज बांधला की नाही, हे बघायचं. या कसोटीवर त्यांची कोडी सरस ठरतात, बाकीचा माल कमी-जास्त.

पुलाचं कोडं घ्या. अंधारात चौघांना पूल ओलांडायचाय, कंदील एकच, एका वेळी दोघंच. लागणारा वेळ 1, 2, 5 आणि 10 मिनिटं, हाताशी 17. बहुतेक जण सगळ्यात चपळ माणसाला कंदील देऊन येरझाऱ्या घालायला लावतात आणि बेरीज येते 19. व्हिडिओ इथे थांबायला सांगून 3, 2, 1 मोजतो. त्या तीन सेकंदांच्या भरवशावर राहू नका, पॉज दाबून मुलांच्या हातात कागद-पेन्सिल द्या. 19 वर अडकल्याशिवाय दोघा संथांना एकत्र धाडायची युक्ती पटत नाही: 1 व 2 जातात, 1 परत, 5 व 10 जातात, 2 परत, पुन्हा 1 व 2. म्हणजे 2+1+10+2+2, बरोबर 17.

अडकणं एवढं महत्त्वाचं का? व्हेरिटॅसियम या विज्ञानाच्या यूट्यूब चॅनेलचे डेरेक मुलर यांनी 2008 च्या पीएचडीत हेच तपासलं होतं. स्वच्छ, सरळ समजावलेला व्हिडिओ मुलांना 'सोपा' वाटला, पण चाचणीतले गुण जेमतेम हलले. आधी चुकीची समजूत मांडून मग ती खोडणारा व्हिडिओ गोंधळाचा वाटला, आणि शिकणं मात्र त्यातूनच जास्त झालं. टेड-एडचे निवेदनवजा व्हिडिओ नेमके इथे मार खातात. ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी विचारा.

यावर उतारा त्यांच्याच वेबसाइटवर आहे. व्हिडिओसोबत प्रश्न, पुढचं वाचन आणि चर्चा असे भाग असतात. पर्यायी प्रश्न बरेचदा नुसती आठवण तपासतात, ते सोडले तरी चालेल. धडा आपल्या सोयीने बदलता येतो, यूट्यूबवरच्या दुसऱ्या व्हिडिओभोवतीही बांधता येतो. तिथे 'आता काय होईल आणि का?' असा एकच मोकळा प्रश्न टाका आणि तो व्हिडिओ लावण्यापूर्वी विचारा.

सबटायटल्स स्वयंसेवक करतात, त्यामुळे दरवेळी मराठी मिळेलच असं नाही. मिळाली तरी डोळे खाली आणि आकृती वर अशी ओढाताण होते. पहिल्यांदा 0.75 वेगाने लावा, आकृती आली की थांबवा.

समाज-इतिहासाच्या विषयांना पाच मिनिटं अपुरीच. नेपोलियन, कोलंबस यांना कोर्टात उभं करून दोन्ही बाजूंचे वकील भांडवणारी मालिका त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे, कारण मतभेद उघड दिसतो. संदर्भांच्या बाबतीत मात्र कुर्त्सगेझाग्ट या दुसऱ्या अ‍ॅनिमेशनवाल्या यूट्यूब चॅनेलकडे बघावं. 2019 मध्ये त्यांनी व्यसनावरचा आणि निर्वासितांवरचा असे आपलेच दोन गाजलेले व्हिडिओ, पुरेसे काटेकोर नाहीत म्हणून काढून टाकले. त्यांच्या व्हिडिओखाली स्रोतांची यादीही असते. सामाजिक विषय शिकवायचा असेल तर आधी ती उघडा.

आणि हो, ऑटोप्ले बंद करा. पुढचा व्हिडिओ सुरू झाला की आधीचा प्रश्न तिथेच मरतो.