इमर्जन्सीतली एक रात्र: उपचाराला साडेचार तारे, बिलाला दीड

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना शेवटपर्यंत वाचावं लागणार नाही. छातीत दुखतंय, श्वास लागतोय, तोंड वाकडं झालंय, बोलताना जीभ अडखळतेय, असं काही असेल तर या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत बिनधास्त जा. मुरगळलेला पाय किंवा चार दिवसांचा खोकला घेऊन जाणार असाल तर बसायची आणि खिसा मोकळा करायची तयारी ठेवा. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाही. एक तर बिलावरून आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. शिवाय जे लिहितेय ते थोड्याफार फरकाने कुठल्याही मोठ्या खासगी हॉस्पिटलात भेटेल.

सासूबाई ७४ वर्षांच्या, मधुमेह जुना. रात्री अकराच्या सुमाराला म्हणाल्या, "छातीवर दडपण आल्यासारखं वाटतंय गं." दुखत नव्हतं, पण कपाळावर घाम होता. "पित्त असेल, झोपते मी, सकाळी बघू," हेही त्यांनीच जोडलं. वयस्कर बायकांना, त्यातून मधुमेह असेल तर, हार्ट अटॅक नेहमीच्या थाटात येईलच असं नाही. छातीतली जोरदार कळ नसतेच कधी कधी. नुसता घाम, मळमळ, धाप किंवा अचानक आलेला थकवा, एवढ्यावरच भागतं. त्यामुळे पित्तावर चर्चा न करता त्यांना गाडीत घातलं. नवरा दौऱ्यावर होता. बरंच झालं, नाहीतर त्याने आईचंच ऐकलं असतं.

पावणेबाराला दारात पोहोचलो. पुढचा अर्धा तास या परीक्षणातले साडेचार तारे मिळवून गेला. दाराशी टेबल टाकून बसलेल्या सिस्टरने नाव-पत्ता-कार्ड काहीही विचारायच्या आधी आईंचं मनगट हातात घेतलं, चेहरा बघितला, "कधीपासून आजी?" एवढंच विचारलं आणि व्हीलचेअर आत ढकलली. छातीची तक्रार घेऊन येणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघावा असा दंडक जगभर आहे. इथे तो पाळला गेला, मी घड्याळ बघत होते. चिकट गोळे लावताना तिथला मुलगा "आजी, हात सैल सोडा, थंड लागेल थोडं" असं सांगत होता. अशा साध्या वाक्यांनी म्हातारी माणसं किती शांत होतात ते बघण्यासारखं होतं.

ड्यूटी डॉक्टर तरुण होती. ईसीजीची पट्टी उजेडात धरून तिने विचारलं, "जुना ईसीजी आहे का?" जाऊबाईंना उठवलं. त्यांनी कपाटातली फाइल काढून दोन वर्षांपूर्वीच्या पट्टीचा फोटो पाठवला. डॉक्टरने फोन आणि कागद शेजारी शेजारी धरून रेघ न् रेघ ताडून पाहिली. ईसीजीत जो बदल तिला खटकला होता, तो जुन्या पट्टीतही तसाच होता. तो नवा निघाला असता तर ती रात्र फार वेगळी गेली असती. रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेल्या हार्ट अटॅकमध्ये दीड तासाच्या आत फुगा घालून ती उघडावी लागते, आणि त्यासाठी मध्यरात्री कॅथलॅबची, म्हणजे जिथे हे करतात त्या खोलीची, सगळी टीम घरून बोलवावी लागते. घरात वयस्कर माणूस असेल तर शेवटच्या ईसीजीचा फोटो फोनमध्ये ठेवाच.

इथवर सगळं झकास. मग सुरू झालं थांबणं.

बाहेर हनुवटी फुटलेला एक मुलगा बसला होता, रुमाल लाल झालेला. त्याचे वडील काउंटरवर हात आपटून सांगत होते, "आम्ही यांच्या कितीतरी आधी आलोय!" खरंच आले होते. त्यांना राग येणं स्वाभाविक होतं, आणि मुलाला थांबवणं बरोबरही होतं. इमर्जन्सीत नंबर येण्याच्या क्रमाने लागत नाही, जिवाला धोका किती यावर लागतो. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लारे याने दोनशे वर्षांपूर्वी हा नियम लावला: जखम गंभीर असेल तो आधी, मग तो साधा शिपाई असो की अधिकारी. आज बऱ्याच ठिकाणी मँचेस्टरमध्ये १९९० च्या दशकात तयार झालेली पाच रंगांची पद्धत वापरतात. लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत आणि निळा चार तासांत. इथेही मनगटाला रंगीत पट्टी बांधत होते. पण त्या रंगाचा अर्थ सांगणारा एकही बोर्ड भिंतीवर नव्हता. तिथे होता तो हसऱ्या डॉक्टरांचा मोठा फोटो आणि खाली 'दहा मिनिटांत डॉक्टर तुमच्यापाशी'. त्या जागी रंगांचा साधा तक्ता लावला असता तर त्या बापाचा घसा वाचला असता आणि काउंटरवरच्या पोरीचं रडणंही.

आईंचा रंग नारिंगी. ईसीजी झाल्यावर ट्रोपोनिनची टेस्ट. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रोटीन रक्तात उतरतं, पण उतरायला वेळ घेतं. दडपण सुरू होऊन तासभरच झाला असेल तर पहिली टेस्ट नॉर्मल येऊनही उपयोग नसतो, काही वेळाने परत रक्त घेऊन आकडा चढतोय का ते बघावं लागतं. किती वेळाने, ते टेस्ट किती संवेदनशील आहे त्यावर असतं. इथे तीन तास. हे मला डॉक्टरने नीट बसून सांगितलं, म्हणून मी निवांत होते. शेजारच्या पडद्याआडच्या काकांना कुणीच सांगितलं नव्हतं. ते दर दहा मिनिटांनी विचारत होते, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग आम्हाला अडकवून का ठेवलंय?" शेवटी मीच पडदा सारून सांगितलं. वास्तविक ते माझं काम नव्हतं.

मधेच लॅबमधून फोन आला की सँपल हिमोलाइज झालंय, परत पाठवा. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या की असं होतं, आणि सलाइनच्या सुईतूनच रक्त ओढलं की ते होण्याची शक्यता वाढते. घाईच्या विभागात चालायचंच. पण त्यामुळे आमचे तीन तास पाऊण तास उशिरा सुरू झाले. हे लक्षात ठेवा, बिलात परत येणार आहे.

पाचच्या सुमाराला दुसरा रिपोर्ट आला. आकडा हललेला नव्हता. डॉक्टर म्हणाली, "हार्ट अटॅक नाही. तीन-चार दिवसांत कार्डिओलॉजिस्टला दाखवा." आई लगेच उठून चप्पल शोधायला लागल्या. पण सोडणार कोण? डिस्चार्जवर मोठ्या डॉक्टरांची सही लागते, ते साडेआठला येणार. आले नऊला, सही केली उभ्याउभ्या. मग फाइल बिलिंगला, बिलिंगची शिफ्ट बदललेली, फार्मसीचं क्लिअरन्स बाकी. दहाला आम्ही बाहेर पडलो.

मी एका कारखान्यात कॉस्टिंग बघते. मशीन चालू असतानाचा खर्च आणि बंद पडून असतानाचा खर्च आम्ही वेगळा लिहितो, आणि बंद वेळ कुणामुळे गेला हेही लिहितो. तो गिऱ्हाइकाच्या माथी मारायची सोय नसते. त्या सवयीने मी बिल वाचलं. डॉक्टरची फी मामुली. ईसीजी आणि टेस्ट यांचं मिळून जे झालं ते रास्त वाटलं. बिलाचा निम्म्याहून मोठा हिस्सा होता 'ऑब्झर्व्हेशन बेड' आणि 'मॉनिटर', तोही तासावर. बारा ते पाच हे तास उपचाराचे होते. त्या वेळात काही बिघडलं असतं तर मॉनिटर वाजला असता, दोन पावलांवर डॉक्टर होती. त्याचे पैसे द्यायला माझी ना नाही. पण पाच ते दहा? त्या वेळात मॉनिटरच्या वायरी काढून हुकाला लटकावल्या होत्या, आई खुर्चीत बसून डुलक्या काढत होत्या आणि आम्ही एका सहीची वाट बघत होतो. दोन्हींचा दर एकच.

काउंटरवरचा माणूस सभ्य होता. "मॅडम, सिस्टीम अॅडमिशन टाइम ते डिस्चार्ज टाइम घेते. मला मधे काही करता येत नाही." त्याला खरंच येत नसावं.

मग मी तपशीलवार बिल मागितलं. तुम्हीही मागा, आधी हातात देतात तो नुसता गोषवारा असतो. ऑक्सिजन दहा तास लावला होता. प्रत्यक्षात नाकातली नळी आल्या आल्या लावली आणि मॉनिटरवर ९७ दिसल्यावर सिस्टरने पाच मिनिटांत काढली. योग्यच केलं. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण चांगलं असेल तर छातीच्या रुग्णालाही तो उगाच देऊ नये, असंच आता मानतात. म्हणजे उपचार करणाऱ्यांना जे कळलं ते बिलापर्यंत पोहोचलं नाही. शिवाय रक्त घ्यायचं साहित्य तीनदा. त्यातलं एकदाचं त्या खराब झालेल्या सँपलचं, म्हणजे त्यांच्याच घोळाचं. ग्लोव्हजची अख्खी पेटी. पेटी कुठे आहे विचारलं तर माणूस कसनुसं हसला.

सगळ्यात कहर विमा डेस्कवर. आमच्या पॉलिसीत चोवीस तास अॅडमिट असल्याशिवाय क्लेम नाही. डेस्कवरची बाई आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टरांना सांगून रात्रीपर्यंत ठेवून घ्या ना आजींना. एक-दोन टेस्ट अजून होतील, सगळं क्लेममध्ये बसेल." म्हणजे लवकर बरं वाटलं तर पदरचे पैसे, आणि ठणठणीत माणसाने आणखी एक दिवस खाट अडवली तर फुकट. बरं, आत एक आजोबा वॉर्डात खाट मिळत नाही म्हणून रात्रभर इमर्जन्सीतच पडून होते, अॅडमिशन झालेली असूनही. इमर्जन्सी तुंबते ती बहुतेक वेळा अशीच, पुढचा रस्ता बंद असल्यामुळे. बाहेरच्या खोकला-पडसंवाल्यांच्या नावाने लोक उगाच खडे फोडतात. आईंना अडकवून ठेवलं असतं तर त्या आजोबांची खाट अजून लांबली असती. आई तेवढ्यात म्हणाल्याच, "मला काही झालेलं नाही ना? मग घरी चल." पैसे भरले आणि निघालो.

त्या 'दहा मिनिटांत डॉक्टर' बोर्डाबद्दल एक सांगायचं राहिलं. तो खोटा नाही, फक्त सोयीचं तेवढंच मोजतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं चार तासांचं उद्दिष्ट आहे, आणि तिथे रुग्ण आल्यापासून घरी जाईपर्यंत किंवा दाखल होईपर्यंतचा सगळा वेळ धरतात. शंभरातले ९५ रुग्ण त्या वेळात मोकळे करायचे हे इंग्लंडला २०१५ नंतर जमलेलं नाही, पण किती जमलं तो आकडा दर महिन्याला जाहीर होतो आणि त्यावरून सरकारला बोलणी खावी लागतात. इथे आमचे शेवटचे पाच तास बिल सोडून कुठल्याच आकड्यात नाहीत.

बाकी किरकोळ: स्वच्छतागृह स्वच्छ, नातेवाइकांच्या खुर्च्या लोखंडी आणि जोडलेल्या, म्हणजे एक माणूस हलला की पाच हलतात. फोन चार्ज करायला प्लग एकच, त्याच्याभोवती पहाटे चारला छान ओळखी होतात. एसी भयानक. शाल न्या.

पुन्हा असं दडपण आलं तर मी इथेच येईन. त्या तरुण डॉक्टरसाठी आणि दारातल्या सिस्टरसाठी. फक्त पुढच्या वेळी "हार्ट अटॅक नाही" हे शब्द ऐकले की वेळ लिहून सही घेईन आणि तिथूनच विचारेन की आता मॉनिटरचं मीटर बंद झालं का.

मी बिलिंगला मेल केला, प्रत्येक ओळीसमोर आक्षेप लिहून. उत्तर आलं. ऑक्सिजन आणि जास्तीचं साहित्य मान्य, ते पैसे परत आले. ग्लोव्हजवर मौन. पाच तासांच्या खाटेबद्दल 'हॉस्पिटलच्या धोरणानुसार आकारणी योग्य आहे'. त्यावर मी धोरणाची प्रत मागितली आहे.