ग्रीक-रोमन प्लास्टर प्रतिकृती: केंब्रिजला जावं की ऑक्सफर्डला?

लंडनमध्ये आहात, ग्रीक-रोमन शिल्प शिकायच्या नजरेनं बघायचंय आणि मोकळा दिवस एकच आहे? मग मी केंब्रिज सांगेन. प्रवेश दोन्हीकडे मोफत. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाकडे मूळ शिल्पांवरून साचे घेऊन ओतलेल्या सुमारे 900 प्रतिकृती आहेत, केंब्रिजच्या अभिजात पुरातत्त्व संग्रहालयात जेमतेम निम्म्या. तरीही केंब्रिजच.

कारण तिथली पेप्लॉस कोरे, म्हणजे ग्रीक तरुणीची उभी मूर्ती. इ.स.पू. 530 च्या सुमाराची ही मूर्ती 1886 मध्ये अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर सापडली. तिच्यावर रंगाचे अंश शिल्लक होते. केंब्रिजमध्ये तिची साधी पांढरी प्रतिकृती आहे आणि 1975 मध्ये रंगवलेलीही: लाल, हिरवा, निळा, सगळे भडक. आधी डोळ्यांना खटकतं. मग लक्षात येतं, की ग्रीक शिल्प म्हणजे शुभ्र संगमरवर ही आपली समजूतच अपुरी होती. मूळ मूर्तीवर असा प्रयोग कोणी करू देणार नाही. प्लास्टरवर तो करता येतो. शिकवण्यासाठी प्रतिकृती हवी ती यासाठी.

ऑक्सफर्डचं बळ वेगळं. तिथे अरुंडेल संग्रहातली, म्हणजे सतराव्या शतकातल्या अर्ल ऑफ अरुंडेल या सरदारानं जमवलेली अस्सल संगमरवरी शिल्पं त्याच संग्रहालयात आहेत. आधी ती बघा, मग प्लास्टर. संगमरवरात उजेड किंचित आत शिरतो, त्यामुळे गाल, ओठ मऊ वाटतात. प्लास्टर त्याला पृष्ठभागावरच अडवतं. चित्र काढणाऱ्याला हे सोयीचं, सावलीची कड स्पष्ट दिसते. आपल्या मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातही विद्यार्थ्यांनी अशाच प्रतिकृतींवरून ‘अँटिक’चं, म्हणजे प्राचीन शिल्पाचं रेखाटन गिरवलं, आणि गणपतराव म्हात्र्यांनी तिथे शिकत असतानाच ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरमध्ये घडवली.

कुठेही गेलात तरी प्रतिकृतीच्या अगदी जवळ जा. साच्याचे तुकडे जिथे जुळतात तिथे बारीक उंचवट्याच्या रेषा राहतात; बऱ्याच ठिकाणी त्या घासून काढलेल्या असतात, पण पाठीकडे किंवा काखेत सापडतात. लाओकून, म्हणजे सापांच्या विळख्यात सापडलेल्या ट्रॉयच्या पुजाऱ्याचं शिल्प, दिसला तर त्याचा उजवा हात बघा. मूळ दुमडलेला हात पुरातत्त्वज्ञ लुडविग पोलाक यांना 1906 मध्ये रोममध्ये मिळाला. त्याआधीच्या प्रतिकृतींत तो वर ताणलेला दिसतो, म्हणजे आधीच्या डागडुजीची नोंदच त्यांत राहिली आहे.

लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली रोमन सम्राट ट्राजनच्या स्तंभाची प्रतिकृती भव्य आहे, छतात मावत नाही म्हणून दोन भागांत उभी केलीय. पण तिथला बाकीचा भर मध्ययुग आणि प्रबोधनकाळावर. प्राचीन शिल्पासाठी तो दिवस खर्चू नका.

ऑक्सफर्डला स्टेशनवरून चालत जाता येतं. केंब्रिजचं संग्रहालय सिजविक अव्हेन्यूवर, स्टेशनपासून लांब आहे, बस घ्या. शनिवार-रविवारी जाणार असाल तर आधी वेळा तपासा.